कोयता, विळी, सुरी विकायला बसणार असाल तर डेमो असा द्या

गेल्या दोन-तीन महिन्यांत चार-पाच मुलांनी मला हेच विचारलं, की दादा आम्ही घरची जुनी भट्टी परत पेटवतोय, माल बरा होतोय पण स्टॉलवर लोक हातात घेऊन बघतात आणि ठेवून जातात, काय चुकतंय. प्रत्येकाला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून टाकतो. मी कुडाळच्या बाजूचा, भट्टी मामाची, माल मामा आणि त्याचा मुलगा बनवतात आणि विकायचं काम गेली नऊ वर्षं माझ्याकडे आहे, आठवडा बाजार, जत्रा, महोत्सव, ऑनलाइन सगळं करून झालंय.

सुरुवातीच्या वर्षी मी मासळी बाजाराच्या तोंडाशी बसलो होतो आणि वर्तमानपत्राच्या पट्ट्या कापून दाखवत होतो, मोबाईलवर बघून शिकलेलं. एक काकी टोपली डोक्यावरून उतरवून बघत उभी राहिली आणि म्हणाली, "कागद कोणाक कापूचो आसा रे? माका सुरमय कापूची आसा." मी कोयता तिच्या हातात दिला. तिने तो आधी दोनदा नुसता हातात हलवून बघितला, मग ओंडक्यावर सुरमईची तुकडी पाडली, काट्यापाशी कोयता जरा अडला, तशी म्हणाली हा तोंडाकडे हलका आहे, दुसरा दे. दुसरा घेतला, पैसे दिले, गेली. मी तोंडातून एक शब्द काढला नव्हता. तेव्हापासून माझा सगळा डेमो एकाच गोष्टीवर उभा आहे: गिऱ्हाईकाचं रोजचं काम, गिऱ्हाईकाच्याच हाताने. खाली जे लिहितोय ते सगळं त्यासाठीची तयारी आहे.

१. आधी आपला माल आपल्याला कळला पाहिजे

स्टॉलवर हमखास येणारे प्रश्न म्हणजे लोखंड कुठलं, गंजेल का, धार किती दिवस राहील, मूठ हलेल का. याची उत्तरं चाचपडत दिलीत तर माणूस गेला. आपल्याकडचे बहुतेक कोयते ट्रकच्या कमानपाट्याचे असतात, ते सांगायला लाजू नका, कमानपाट्याचं पोलाद वाकून परत सरळ होण्यासाठीच बनवलेलं असतं म्हणून ते झटका सहन करतं. पण नुसतं पोलाद चांगलं असून भागत नाही, पाणी कसं दिलंय, म्हणजे तापलेलं पातं एकदम बुडवून कडक कसं केलंय, त्यावर सगळं आहे. मामा पाणी द्यायचं काम दिवस कलल्यावरच करतो, कारण तापलेल्या पात्याचा रंग उन्हात कळत नाही, आणि पाणी दिल्यावर परत हलका ताव देऊन धारेकडे गवतासारखा पिवळा आणि पाठीकडे निळा रंग उतरला की थांबतो. पिवळा म्हणजे साधारण २२० ते २३० अंश सेल्सिअस, निळा ३०० च्या आसपास, म्हणजे धार कडक आणि पाठ चिवट. हे गिऱ्हाईकाला चार वाक्यांत सांगता आलं पाहिजे, आणि सांगायचं तर ते खरं असलं पाहिजे.

घरी प्रत्येक नगावर कानस फिरवून बघा. कानस काचेवर सरकावी तशी सरकली तर कोयता जास्त कडक आहे, गाठीवर बसला की धारेचा तुकडा उडेल. लोण्यात शिरल्यासारखी शिरली तर मऊ, दोन दिवसांत धार मुडपेल. थोडी धरून मग सरकली पाहिजे. स्वयंपाकघरातली सुरी याहून जरा कडक चालते कारण तिला झटका बसत नाही. धारेचा कोनसुद्धा वेगळा, मासे सोलायच्या सुरीला एका बाजूने १५ अंशांच्या आसपास, लाकूडफाट्याच्या कोयत्याला २५ ते ३०. एकाच कोनात सगळा माल घासून आणणारे कारागीर मी बघितलेत आणि मग त्यांना कळत नाही की एका गिऱ्हाईकाने शाबासकी दिली आणि दुसरा भांडायला का आला.

एक अनुभव सांगतो. एका व्यापाऱ्याकडून मी तयार स्टेनलेसच्या सुऱ्या घेतल्या होत्या, स्टॉल भरलेला दिसावा म्हणून. पहिल्या दिवशी टोमॅटो झक्क कापायच्या. महिन्याभरात अकरा सुऱ्या परत आल्या, नुसत्या चमच्यासारख्या बोथट. अकराही जणांचे पैसे परत दिले आणि तेव्हापासून स्वतः महिनाभर घरात न वापरलेली वस्तू मी स्टॉलवर मांडत नाही. माझ्या आईच्या स्वयंपाकघरातून पास झाल्याशिवाय काही पुढे जात नाही.

२. मोठ्या कंपन्या काय करतात ते समजून घ्या, पण उचलू नका

अमेरिकेत १९७८ साली गिन्सू नावाच्या सुरीची टीव्हीवर जाहिरात आली. नाव जपानी वाटावं असं, माल अमेरिकेत ओहायोमध्ये बनलेला. त्यात ती सुरी पत्र्याचा डबा कापायची आणि लगेच त्याच सुरीने टोमॅटोची पातळ चकती, लोक वेडे झाले. त्यातली मेख अशी की ती दातेरी सुरी होती. दात्यांची टोकं पत्र्याला भिडतात आणि दोन दात्यांमधली खोलगट धार तशीच राहते, टोमॅटो ती खोलगट धार कापते. खोटं काही नव्हतं, पण सरळ धारेची सुरी घेऊन कोणी हे करायला गेलं तर पहिल्याच डब्यात सुरी गेली. म्हणून स्टॉलवर पत्रा, खिळा, सळई कापून दाखवू नका. गिऱ्हाईक घरी जाऊन तेच करणार आणि तुटलेलं पातं घेऊन तुमच्याकडेच येणार.

कटको ही दुसरी कंपनी, १९४९ पासूनची, ती दुकानात कमी आणि घरोघरी जाऊन जास्त विकते. त्यांची विक्री करणारी मुलं कॉलेजची असतात, बॅगेत दोरी आणि चामड्याचा तुकडा घेऊन जातात, यजमानांच्या घरातलीच सुरी मागतात, आधी तिने दोरी कापायला लावतात आणि मग कंपनीच्या सुरीने. कात्री दाखवायची तर नाणं कापून दाखवतात. यातलं घेण्यासारखं एकच आहे पण ते फार मोठं आहे, तुलना गिऱ्हाईकाच्या घरच्या सुरीशी होते आणि कापतो तो स्वतः. आणि वर आयुष्यभर धार लावून द्यायची हमी.

मला सगळ्यात पटलेली पद्धत मात्र तिथल्या कारागिरांच्या संघटनेची, अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीची, १९७६ ला सुरू झालेली. त्यांच्या परीक्षेत स्वतः घडवलेल्या एकाच सुरीने लोंबकळणारी एक इंच जाडीची दोरी एका घावात तोडायची, मग जाड लाकडी फळी दोनदा आरपार तोडायची, मग त्याच धारेने हातावरचे केस निघाले पाहिजेत, आणि शेवटी पातं शिकंज्यात धरून ९० अंशात वाकवायचं, ते मोडता कामा नये. क्रम बघा. आधी कष्ट आणि मग धार. नवीन सुरी कागद कापणारच, त्यात काय मोठं, दगडावर घासलेला पत्रासुद्धा पहिल्या दिवशी कागद कापतो. प्रश्न एवढाच असतो की शंभर घाव घालून झाल्यावर कापते का. इंग्लंडमधल्या शेफिल्डला कॅट्रा ही चाचणी करणारी संस्था आहे, तिथलं यंत्रसुद्धा हेच मोजतं, ५ टक्के वाळू मिसळलेला जाड कागद सुरीने परत परत कापायचा आणि धार कुठवर पोचते ते बघायचं.

३. आपला डेमो: काथ्या, फणस, बांगडा

त्यांची ती जाड दोरी आपल्याकडे कशाला पाहिजे, आपल्याकडे सुंभ आहे. काथ्याची दोरी धार खाते, त्यात वाळूचे बारीक कण अडकलेले असतात, त्यामुळे कोकणात याहून प्रामाणिक परीक्षा नाही. मी असं करतो: आधी एकदा कागद कापतो, नुसता एक काप. मग अंगठ्याएवढ्या जाडीचं सुंभ लाकडाच्या फळीवर ठेवून त्याच सुरीने तुकडे पाडायला लागतो आणि समोर उभ्या असलेल्या पोरांना मोजायला सांगतो. पोरं मोठ्याने मोजतात, वीस झाले की मागून माणसं वाकून बघायला लागतात, पन्नासला घोळका झालेला असतो. फळीवर काथ्याचा भुगा पडलेला, हाताला तपकिरी रंग. मग सुरी फडक्याने पुसायची आणि परत कागद. आता कागद पहिल्यासारखा सुळकन जात नाही, थोडासा आवाज करत जातो, आणि तो आवाज मी लपवत नाही, उलट सांगतो की ऐका, धार एवढी उतरली, आता चारदा निसण्यावर, म्हणजे धार लावायच्या दगडावर, ओढली की परत आली, आणि तिथेच ओढून दाखवतो. या शेवटच्या चार ओढींवर सगळ्यात जास्त सुऱ्या विकल्या जातात असा माझा अनुभव आहे. लोकांना न उतरणारी धार नको असते, त्यांना स्वतःला परत आणता येईल अशी धार हवी असते, फक्त कोणी त्यांना शिकवलेलं नसतं.

मार्च-एप्रिलमध्ये कुवळा फणस ठेवा स्टॉलवर. कोकणातल्या कुठल्याही बाईला विचारा, भाजीचा फणस कापणं हे किती चिकट काम आहे. पात्याला दोन्ही बाजूंनी खोबरेल चोळायचं, फळीला पण, हाताला पण, मग फणस उभा चिरायचा. चीक पांढरा फुटतो आणि पात्यावरून तेलाबरोबर ओघळून जातो, जो चिकटतो तो कापसाच्या बोळ्याने तेल लावून पुसायचा. तिथे पात्याची जाडी कळते, जाड पातं फणसात रुतून बसतं आणि मग मूठ वाकडी करून ओढावं लागतं, पातळ पातं शेवटपर्यंत जातं. अर्धा फणस तुम्ही कापा आणि अर्धा समोरच्या बाईला कापू द्या.

मासळीसाठी बांगडा पुरतो, सुरमई डेमोला परवडत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते तेव्हा मासळीच्या सुऱ्यांचा डेमो ठेवूच नका, त्या दोन महिन्यांत विळ्या आणि कोयते.

विळीचा डेमो उभ्याने देणारा माणूस बघितला की मला राहवत नाही. विळी, मोरळी, आमच्याकडे आडाळी, ती बसून वापरायची वस्तू आहे तर खाली चटई टाका आणि बसा, आणि मावशींना बसायला सांगा. पाटावर पाय ठेवला की विळी डगमगते का हे त्यांना पायाला कळतं, तुम्ही सांगायची गरज नाही. खवणीवर अर्धी कवड खवून दाखवा, कीस पांढरा आणि बारीक पडला पाहिजे, करवंटीजवळची तपकिरी साल येता कामा नये, ती आली तर दात फार उभे आहेत, परत नेऊन कानशीने मारा. आणि आता बऱ्याच जणींना गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही, त्या विळीकडे बघून नुसत्याच पुढे जातात. त्यांच्यासाठी ओट्याला पकडणारी खवणी वेगळी मांडा, ती आपणहून दाखवा, त्यांच्या गुडघ्यांबद्दल विचारू नका.

४. हातात देताना आणि सुरक्षेबद्दल

सुरी देताना मूठ समोरच्याकडे, धार वर किंवा बाजूला, आणि पात्याला आपण पाठीकडून धरलेलं. आधी फळीवर ठेवून त्याला उचलू देणं तर त्याहून चांगलं. फळीखाली ओलं फडकं, नाहीतर ती सरकते. एका वेळी एकच पातं उघडं, बाकी सगळी म्यानात किंवा दोरीने बांधलेली, मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशी आतल्या बाजूला.

कोयत्याचा डेमो म्हणजे शहाळं किंवा चिव्याचा बांबू. घाव ज्या रेषेत जाणार त्या रेषेत समोर किंवा मागे कोणी उभं नको, दोन्ही बाजूंना दोर बांधा. एका महोत्सवात मी शहाळी तासत होतो, सातव्या-आठव्या शहाळ्याला हात पाण्याने ओला झाला होता आणि लक्षात आलं नाही, कोयता मुठीतून सुटला आणि शेजारच्या केळ्यांच्या घडात जाऊन बसला. तिथून दीड हातावर एक मुलगी उभी होती. तो आवाज मी विसरलेलो नाही. तेव्हापासून प्रत्येक शहाळ्यानंतर हात आणि मूठ कोरड्या फडक्याने पुसतो, मुठीला शेवटी वळलेली बोंडी ठेवायला मामाला सांगितलंय, आणि कोयता गिऱ्हाईकाच्या हातात देऊन शहाळं तासायला देत नाही. त्यांना बांबू द्यायचा, आडवा ठेवलेला, तो कमी धोक्याचा. पेट्रोमॅक्सच्या काळातल्यासारखं अंधारात तर काहीच करू नका, रात्रीच्या जत्रेत स्वतःचा लाइट न्या.

आणि कोणी नारळ फोडून बघतो म्हणाला तर सांगा की पाठीने मारा, धारेने नाही.

५. गंजाबद्दल आधी तुम्हीच बोला

आपली हवा खारी, पावसात दमट, पोलादी पातं ओलं ठेवलं तर दोन दिवसांत लाल होतं. हे गिऱ्हाईकाला घरी जाऊन कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळू दे. मी स्टॉलवर दोन सुऱ्या मुद्दाम ठेवतो, दोन्ही एकाच दिवशी घडवलेल्या, एक तीन वर्षं आईने वापरलेली आणि रोज पुसून तेलाचं बोट फिरवलेली, ती राखाडी-काळी झालीय पण गुळगुळीत आहे. दुसरी आठ दिवस मोरीत पडलेली, तिला खड्डे पडलेत. यावर वेगळं बोलावंच लागत नाही. कैरी आणि आमसुलाचंही सांगा, साध्या पोलादाने कैरी चिरली की पातं काळं पडतं आणि कैरीलाही काळपट रंग येतो, त्यात बिघडत काही नाही पण लोणच्याला कोणाला तसं आवडत नाही. त्यांना सरळ स्टेनलेसची सुरी द्या, तुमच्याकडे नसेल तर शेजारच्या स्टॉलवर पाठवा. मी पाठवतो. ते परत येतात.

भाव एकच सांगा आणि त्यावर ठाम रहा. जत्रेत घासाघीस होणार, पण पैसे कमी करण्यापेक्षा निसणा किंवा तेलाची छोटी बाटली वर द्या.

६. कधी आणि कुठे

मिरगाच्या आधी कोयते, विळे आणि काठीला बसवायच्या आकड्या जातात, भातकापणीच्या आधी फक्त विळे, गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस खवणीवाली विळी, कारण मोदकाचं सारण. चाकरमानी गणपतीत आणि मे महिन्यात येतात तेव्हा सुऱ्या आणि भेट द्यायच्या वस्तू. आंगणेवाडीची जत्रा किंवा महाशिवरात्रीला कुणकेश्वर, तिथे गर्दी प्रचंड असते पण लोक चालत असतात, थांबत नाहीत, म्हणून तिथे लांबचा डेमो चालत नाही, फक्त सुंभाचा ठेवा. विमानाने जाणाऱ्या माणसाला आठवणीने सांगा की सुरी हातातल्या बॅगेत चालत नाही, चेक-इनच्या सामानात घालायची, नाहीतर विमानतळावर ती काढून घेतली जाते आणि त्याच्या मनात तुमची सुरी कायमची कटकट होऊन बसते.

पात्यावर मुठीजवळ गावाचा किंवा घराण्याचा ठसा मारा, पाणी द्यायच्या आधी. जर्मनीतल्या झोलिंगेन गावाचं नाव पात्यावर कोणी मारायचं यासाठी १९३८ पासून कायदा आहे, एवढी त्या नावाला किंमत. आपण तर आंबा घेताना देवगडचा का हे रोज विचारतो, हापूसला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला तो त्यासाठीच. मग आपल्या कोयत्याने बिननावाचं का राहायचं?

७. फोटो, रील, कुरिअर

फोटो उन्हात काढू नका, पातं आरशासारखं चमकतं आणि काही दिसत नाही. सकाळी पडवीत काढा. सोबत नारळ ठेवा म्हणजे आकार कळतो, आणि खाली इंचात लांबी, ग्रॅममध्ये वजन, पोलाद आणि मुठीचं लाकूड लिहा, पेरूचं, शिसवीचं जे असेल ते. रीलमध्ये गाणं लावू नका, कापायचा आवाज राहू दे, तोच माल विकतो. व्हिडिओ मध्ये न तोडता एका दमात काढा, तोडलेल्या व्हिडिओत लोकांना सुरी बदलली अशी शंका येते आणि ती शंका रास्त आहे.

जाहिरातीत मर्दानी, खतरनाक, शिकारी असले शब्द आणि हवेत कोयता फिरवणारी पोरं नकोत. एकतर त्यामुळे जाहिरात नाकारली जाते, माझी एकदा गेलीय, आणि दुसरं म्हणजे कायदा. शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचा चाकू हत्यारात धरला जातो, घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेला असेल तर सूट आहे. म्हणजे तुमचा कोयता शेतीचा आहे म्हणूनच तो सुटतो, मग त्याची जाहिरातसुद्धा शेतीचीच करा. दुधारी खंजीर मागणाऱ्याला नाही म्हणा. पॅकबंद माल विकणार असाल तर पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी नंबर लागतो.

पॅकिंगमध्ये टोकाला बाटलीचं बूच किंवा थर्मोकोल, मग पुठ्ठ्याचं म्यान, ते पात्याला टेपने घट्ट, मग सुतळी. माझं एक पार्सल पोचलं तेव्हा खोक्यातून टोक बाहेर आलेलं होतं, कुरिअरवाल्या मुलाच्या बोटाला लागलं. चूक पॅकिंगची होती, म्हणजे माझी. आता प्रत्येक पार्सल कमरेच्या उंचीवरून तीनदा खाली टाकून बघतो.

भांडवलाचं विचारत असाल तर १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ कारागिरीत लोहारकाम आहे. प्रशिक्षणात रोजचे ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० पर्यंत, आणि पहिलं १ लाखापर्यंतचं व नंतर २ लाखांपर्यंतचं कर्ज ५ टक्क्यांनी.

८. विकून झाल्यावर

वही ठेवा. नाव, गाव, कुठली वस्तू, तारीख. वर्षातून एकदा धार फुकट लावून देतो असं लिहून द्या आणि खरंच द्या, पुढच्या जत्रेला तीच माणसं सुरी घेऊन येतात. परत आलेली प्रत्येक सुरी आधी नीट बघा. धार मधेच झिजलीय की टोकाला, मूठ कुठे काळी पडलीय, खड्डा कुठे आहे, यावरून ती बाई काय कापते आणि कसं धरते ते कळतं, आणि पुढची सुरी घडवताना मामाला तेवढंच सांगायचं असतं. ती मासळीवाली काकी अजून दर वर्षी कोयता शेवटायला, म्हणजे परत धार काढून घ्यायला, आणते. पातं आता बोटभर अरुंद झालंय, तोंडाकडचं वजन मात्र तिला पाहिजे तसंच आहे, आणि यंदा मामाने मासळीच्या सगळ्या कोयत्यांना तेवढंच ठेवलंय.